बनुबाईचा पैरा

कृष्णात इटलीच्या लढाईवरून परत आला त्याला वर्ष होत आलं, तरी त्याची पत्र्याची ट्रंक सोप्याच्या कोपऱ्यात बांधल्या दोरीनिशी तशीच पडून होती. त्याच्या बायकोने, मनुबाईने, दोनदा विचारून पाहिलं, "आवं, कापडं काढून फळीवर ठिवू का?" दोन्ही वेळा तो "ऱ्हाऊ दे" म्हणाला आणि उठून बाहेर गेला. बाहेर जायला त्याला कारण लागत नसे. बसलेला उठायचा, उठलेला चालायला लागायचा, ओढ्यापर्यंत जाऊन परत यायचा आणि दारातच उभा राहायचा. माणूस घरात असून घरात नाही, हे मनुबाईला दिसत होतं. पण हे सांगायचं तरी कुणाला?

थोरला भाऊ लालासाहेब मात्र सांगायला कमी करत नव्हता. कडेगावच्या अलीकडच्या वाडीत त्यांचं रान होतं, थोडा ऊस आणि बाकी भुईमूग. आषाढात भुईमुगाची भांगलण, म्हणजे तणकाढणी, निघाली की घरातलं झाडून सगळं माणूस खुरपं घेऊन आपापल्या ओळीत, पातीला बसायचं. कृष्णात रानापर्यंत यायचा, पाण्याची घागर आणायचा, बैलांना वैरण टाकायचा, आणि मग बांधावर उभा राहायचा.

"पलटनीत काय हुभंच ऱ्हायाला शिकवत्यात व्हय रं?" लालासाहेब मान वर न करता विचारायचा.

कृष्णात घागर उचलून पाण्याला निघायचा. बोलण्यासारखं होतं, पण ते तोंडातून निघत नव्हतं. इटलीत एका ओढ्याकाठच्या रानात तो दिवसभर पालथा पडून होता. वरून तोफा चालल्या होत्या, नाकातोंडात ओली माती गेली होती, आणि शेजारी पडलेला जोडीदार सकाळीच मेलेला असूनही संध्याकाळपर्यंत त्याच्याच अंगाला अंग लावून राहावं लागलं होतं. तेव्हापासून ओल्या मातीचा वास नाकाजवळ आला की त्याची छाती आवळायची आणि हात आपोआप थरथरायचे. उभं राहिलं की बरं वाटायचं. रानाच्या मातीला भिणारा कुणबी कुणी ऐकला आहे का? म्हणून त्याने हे मनुबाईलाही सांगितलं नव्हतं.

अशात शाळेच्या अनंत मास्तरांनी त्याला गाठलं. मास्तर वाईचे, अंगाने काटकुळे, बोलायला मऊ. वाडीच्या शाळेत त्यांना बालवीर पथक काढायचं होतं.

"कृष्णातराव, मला कवायत येत नाही आणि तुम्हाला मुलं कळत नाहीत," मास्तर म्हणाले. "आपण दोघे मिळून एक पुरा पथकनायक होऊ. पगार मात्र दोघांनाही नाही."

कृष्णात वर्षात पहिल्यांदा हसला असेल.

मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात रोज संध्याकाळी पथक भरायला लागलं. जुन्या धोतराचे तुकडे काव लावून तांबडे केले, तेच गळ्याचे रुमाल. काठ्या ज्याने त्याने घरून आणल्या. पलटणीत कृष्णात नाईक होता, म्हणून पोरं त्याला नाईकच म्हणत. लालासाहेबाचा पोरगा अर्जुना सगळ्यांत पुढे असायचा. सुरुवातीला नाईकाने पलटणीचाच खाक्या चालवला. सयाजी नावाचं पोरगं उशिरा आलं, तेव्हा काठी डोक्यावर धरायला लावून त्याला देवळाभोवती पळवलं. दुसऱ्या दिवसापासून सयाजी आलाच नाही.

"उशीर का झाला ते आधी विचारा, पळवायचं मग बघू," मास्तर म्हणाले. "त्याची आई आजारी आहे. म्हशीची धार तो काढतो."

कृष्णातला लाज वाटली. तो स्वतः सयाजीच्या गोठ्यात गेला, धार निघेपर्यंत दारात उभा राहिला, आणि त्याला बरोबर घेऊन आला. त्या दिवसापासून पथक धारा काढून झाल्यावर भरू लागलं. पोरं वाढली. पोरांच्या गराड्यात असला की कृष्णातचे हात थरथरत नसत. रात्री झोप लागायची. दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांच्या गावी, वाईला, कृष्णेच्या घाटावर पथक मुक्कामाला न्यायचं ठरलं, आणि तेव्हापासून त्याचं ओढ्यापर्यंतचं फेऱ्या घालणं कमी झालं. मनुबाई ट्रंकेकडे बघायची आणि मनातल्या मनात मारुतीला हात जोडायची.

बालवीराने लोकांच्या उपयोगी पडावं, असं मास्तर पोरांना सांगत. नागपंचमी झाली आणि कृष्णातच्या डोक्यात एक बेत आला. ओढ्यापलीकडे बनुबाईचं भुईमुगाचं रान होतं. बनुबाई एकटी बाई. नवरा जाऊन लय वर्षं झाली, लेक लग्न होऊन गेलेली. पंचमीला ती माहेरी शिराळ्याला गेली होती आणि रानात तण माजलं होतं.

"चांगलं काम आहे," मास्तर म्हणाले. "फक्त तिला आधी विचारून घ्या."

पण बनुबाई शिराळ्याला होती, आणि कृष्णातला ती परत यायच्या आत काम उरकायचं होतं. बाई येईल, रान बघेल आणि चकित होईल, हे त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. रविवारी सकाळी पोरांनी घरून खुरपी आणली. नाईकाने त्यांना बांधावर रांगेत उभं केलं, एकेकाला पात नेमून दिली आणि शिट्टी फुंकली. पोरं खाली बसली. पाणी प्यायला शिट्टी, परत बसायला शिट्टी. कुणबटाची पोरं ती, त्यांचे हात सरसर चालले. हराळी, लव्हाळा, केना, सगळं उपसून बांधाला लागलं. उन्हं कलायच्या आत रान स्वच्छ झालं. कृष्णात या बांधावरून त्या बांधावर फिरत होता, आणि त्याची छाती अभिमानाने भरून आली होती.

बनुबाई आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. संध्याकाळी पथक भरलं असताना ती पटांगणात येऊन उभी राहिली. उन्हात रापलेली, हाडापेराने मोठी बाई. कृष्णातने पोरांना सावधान केलं. आता काकी काय बोलते, म्हणून सगळ्यांचे कान टवकारलेले.

बनुबाई रांगेच्या एका टोकाला गेली. "तू कुनाचा रं?"

पोराने बापाचं नाव सांगितलं. तिने बोटाचं एक पेर मोजलं आणि पुढच्यापाशी गेली. "आनि तू?"

अशी ती सगळी रांग चालून गेली. कृष्णात पुढे होऊन म्हणाला, "आवं काकी, आभार मानायची काय गरज न्हाई."

"आभार?" बनुबाईने त्याच्याकडे पाहिलं, आणि पदर खोचून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजी धापा टाकत आला. "नाईक, बनुकाकी आमच्या रानात भांगलत्याती! आई नगं नगं म्हनती, त्या ऐकंनात. पैरा फेडाया आल्याती म्हनं."

वाडीत मजूर लावायची ऐपत कुणाची? एक दिवस तुम्ही आमच्यात राबा, एक दिवस आम्ही तुमच्यात, हा पैरा. त्यावरच सगळ्यांची रानं उभी होती. घेतलेला पैरा फेडला नाही तर पुढच्या वेळेला त्या घरचं माणूस पातीला बसत नसे. हे कृष्णातला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि नेमकं हेच तो पलटणीत विसरून आला होता.

तो तडक सयाजीच्या रानात गेला. "काकी, पोरांनी सेवा म्हनून केलं. त्ये फेडायचं नसतं."

"सेवा देवाची करत्यात. मी काय देव हाय?" बनुबाईचं खुरपं थांबलं नाही.

"मदत म्हना."

"मदत मागितली हुती मी तुझ्याकडं? सांग की!" आता ती थांबली. "मालक गेल्यावर ह्या वाडीत मान वर करून ऱ्हायली, ती कुनाचा पैरा अंगावर ठिवला न्हाई म्हनून. जमंल तेवढंच पेरलं, झेपंल तेवढंच भांगललं. आनि तू येका दिसात मला घरोघरची मिंधी करून ठिवलीस. ऊठ, माझ्या पातीतनं सरक."

तो सरकला.

त्यानंतर रोज सकाळी बनुबाई खुरपं घेऊन एकेका पोराच्या दारात उभी राहू लागली. कुणी हात जोडून नको म्हटलं तरी ती रानात जाऊन बसायची. काही बाया तिला सावलीतली पात द्यायच्या. पण सगळीच घरं तशी नव्हती. नानासो म्हणजे वाडीतले मोठे बागायतदार, त्यांचाही पोरगा पथकात होता. त्यांनी तिला उसाचा पाला काढायला घातली. संध्याकाळी ती उसातून बाहेर आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिरले होते. कृष्णात रस्त्यातच होता. तो तसाच नानासोंकडे वळला.

"आल्या कामाला माघारी लावायचं का?" नानासो त्यालाच म्हणाले. "पैरा तुज्या पोरांनी केला. मी न्हाई बोलावली."

आणि बनुबाईचं स्वतःचं रान? घराच्या परड्यालगत तिचा मिरचीचा तुकडा होता. वर्षाचं मीठ-तेल त्यावर निघायचं. ती दुसऱ्यांच्या रानात वाकलेली आणि इकडे पाऊस लागून मिरचीत गुडघाभर तण. मिरचीची रोपं शोधावी लागत होती.

वाडीला बोलायला विषय मिळाला. बालवीरांनी म्हातारीला कामाला जुंपली, असं पारावर कुणी म्हणालं आणि ते घरोघर गेलं. पोरांना आयांनी फैलावर घेतलं. संध्याकाळी पटांगणात निम्मीच पोरं आली, दोन दिवसांनी तीही नाहीत. वाईच्या मुक्कामाचं तर कुणी नावच काढेना.

मास्तर एकटेच पायरीवर बसले होते. "मी 'विचारून घ्या' म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले. "पण नुसतं म्हणून काय उपयोग? मीही तुमच्याबरोबर यायला हवं होतं."

"पथक मोडलं, मास्तर."

"मोडलं नाही. पोरं घरी बसली आहेत. त्यांना लाज वाटतेय. ज्या पोरांना लाज वाटते ती परत येतात. फक्त पुढं काय करायचं ते त्यांना दिसलं पाहिजे."

कृष्णातला ते पटलं नाही. त्याची झोप गेली. पुन्हा ओढ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पुण्याकडे कारखान्यांवर पलटणीतून सुटलेले गडी राखणदार म्हणून घेत होते. राखणदाराला उभंच राहायचं असतं. एके सकाळी मनुबाईने त्याला ट्रंकेची दोरी आवळताना पाहिलं.

"पुन्याला जाताय?"

"बघतो."

"मला इचारू नगा काय," ती म्हणाली. "तुमी कुनालाच इचारत न्हाईसा." आणि खुरपं घेऊन रानाकडे निघाली. तो तिच्या मागोमाग गेला, काय करावं न कळून.

त्या दिवशी बनुबाई त्यांच्याच रानात आली होती, अर्जुनाचा पैरा फेडायला. एका ओळीत लालासाहेब, मनुबाई, अर्जुना आणि बनुबाई. कृष्णात नेहमीसारखा बांधावर. दिवसभर बनुबाईने मान वर केली नाही. तिचं खुरपं पुढे जायचं, मागून ती गुडघ्यावर सरकायची. हातावरचे उसाचे चरे अजून लाल होते. प्रत्येक खुरप्याचा आवाज त्याला ऐकू येत होता आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दिवस बुडायला आला. बनुबाई कंबरेवर हात देऊन उठली. पाठ सरळ व्हायला तिला वेळ लागला. "झालं," ती म्हणाली. "अर्जुनाचं ह्ये शेवटचं घर. आता कुनाचं ऱ्हायलं न्हाई."

कृष्णात बांधावरून दोन पावलं पुढे आला. किती दिवस मनात घोळवलेलं तो बोलला. "काकी, माझ्या वाटनीचा येक ऱ्हायला. त्यो मी सोडला. उद्या यिऊ नगा."

बनुबाईने खुरप्याची माती बोटाने निपटून काढली. "तुझ्या वाटनीचा?" तिला खरंच नवल वाटलं होतं. "तू कवा उतरलास माझ्या रानात? पोरं सांगत हुती, नाईक बांधावर हुता, शिट्टी वाजवत. तुझा कसला पैरा, बाबा? तुझ्या घरी यायचंच नव्हतं मला. मी अर्जुनाच्या घरी आलीया."

घर एकच होतं. पण तिने ते मधोमध कापून दोन वेगळी केली होती. लालासाहेब हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. त्याने मान खाली घातली, धाकट्या भावाची लाज आपल्याला वाटावी तशी. मनुबाई गुपचूप खुरपी गोळा करू लागली. अर्जुना पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

कृष्णात ओढ्यापर्यंत गेला. तिथून परत फिरला. पुन्हा गेला. मग ओढा ओलांडून तो बनुबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. दिवेलागण व्हायची होती. बनुबाई चुलीपुढे होती.

"काकी, येक इचारायचंय."

"इचार की. बस."

तो उंबऱ्यावर टेकला. "उद्या तुमच्या मिरच्या भांगलाय यिऊ का?"

ती थांबली. "कोन? पोरं?"

"मी. येकटा."

"आनि त्याचा पैरा?"

ते त्याने येताना ठरवलं होतं, तरी शब्द अडखळले. "पोरं वाईला न्यायचीत. आली तर. येकालाबी भाकरी थापता येत न्हाई. तुमी शिकवायचं."

"कुनब्याची पोरं चुलीपुढं?" बनुबाई हसली. तिला हसताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं. "त्यांच्या आया मला जोड्यानं मारतील. बरं, ये. सकाळी लौकर ये. शिट्टी आनू नगंस."

सकाळी शिट्टी खुंटीलाच होती. कृष्णात खुरपं घेऊन मिरचीच्या तुकड्यात शिरला. रात्रीचं पाणी पडून गेलेलं. वाफ निघत होती, आणि तो वास आला. तो उभाच राहिला. गुडघे वाकेनात. छाती आवळत चालली. शेजारच्या पातीत बनुबाई बसली होती, तिने एकदा वर पाहिलं. "पाय दुखतोय व्हय रं?"

"न्हाई." मग तो म्हणाला, "माती जवळ आली की श्वास कोंडतोय. लढाईपास्नं."

वर्षभर कुणालाही न सांगितलेलं असं सहज, मिरचीच्या रानात निघून गेलं. बनुबाईने दया केली नाही, चुकचुक केली नाही. "मंग बोलत बस," ती म्हणाली. "मालक गेल्यावर मला ह्या रानात बसवंना. मी बडबडत भांगलायची. लोकांस्नी वाटायचं, बाईच्या अंगात आलंय."

तो खाली बसला. हात एवढे थरथरत होते की पहिल्याच खुरप्याला मिरचीचं रोप गेलं. बनुबाईने शिवी घातली, अगदी घरच्यासारखी, आणि त्याला तेच बरं वाटलं. ती बोलत राहिली. शिराळ्याचे नाग, माहेरच्या भावजया, मेलेल्या म्हशीची तक्रार. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला. अंगातून घामाच्या धारा, तोंड कोरडं, आणि नाकात तोच वास. पण मध्येच त्या वासात कुठेतरी मिरचीच्या पाल्याचा वास मिसळला. तो इटलीत नव्हता. तो हात पुढे सरकवत राहिला.

उन्हं वर आली तेव्हा बांधावर अर्जुना आणि सयाजी उभे होते. मागे आणखी पोरं. कुणी बोलावलेलं नव्हतं. कुणाच्याही गळ्यात रुमाल नव्हता, पण हातात खुरपी होती. नानासोंचा पोरगा आला नव्हता, आणि तो पुढेही कधी आला नाही.

अर्जुना सवयीने म्हणाला, "नाईक, रांग धरू?"

"मला काय इचारतोस?" कृष्णात बसल्या जागेवरून म्हणाला. "रान कुनाचं हाय?"

पोरं बनुबाईकडे वळली. अर्जुना चाचरत बोलला, "काकी, यिऊ का?"

"फुकाट न्हाई," बनुबाई म्हणाली. "संध्याकाळी चुलीपुढं बसाय लागंल. हात भाजत्यात. रडायचं न्हाई." पोरं कबूल झाली आणि पातीला बसली.

बघता बघता पोरं कृष्णातच्या पुढे गेली. सयाजी पुढे गेला, अर्जुना गेला, बनुबाई तर केव्हाच टोकाला पोचून परत फिरली होती. नाईकाची पात मधेच राहिली. तो सगळ्यांच्या मागे, एकटा, मिरचीच्या एका ओळीत. पोरं उभी राहून बघत होती, आणि त्याला वर बघायचं धाडस होईना.

मग समोरून, त्याच्याच पातीच्या दुसऱ्या टोकाकडून खुरप्याचा आवाज यायला लागला. रानात ज्याची पात मागे राहते त्याची समोरून धरायची, ही रीत. कृष्णातने मान वर केली. पोरं नव्हती. लालासाहेब होता. बांधावर डोक्याचं मुंडासं ठेवून तो खाली बसला होता आणि त्याच्याकडे बघतही नव्हता. दोघांमधलं तण कमी कमी होत गेलं. शेवटचा लव्हाळा दोघांनी एकदमच धरला, आणि खुरपी एकमेकांना लागली.

"ह्याचा पैरा फेडाय लागंल," लालासाहेब म्हणाला. "उद्या, आपल्या रानात."

"येतो," कृष्णात म्हणाला. तो अजून खालीच बसला होता.